कोंड्याला विकलेली नात

कॉटवर दोन पोरी पडल्या होत्या आणि त्यांतली माझी नात कोणती, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दोघी एकाच दिवशी जन्मलेल्या, दोघी सावळ्या, दोघींना एकाच जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळलेले. शेजारच्या कॉटवरची बाई, त्यांतल्या एकीची आई, रक्तात भिजून पांढरीफटक पडली होती आणि तिला ढकलगाडीवरून आत नेत होते. माझी लेक ऑपरेशन होऊन बाळंत झालेली. गुंगीतून मधेच डोळे उघडून म्हणायची, "आई, माझी पोरगी दे."

कोणती देणार?

हा दौंडचा एक खासगी दवाखाना. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती. माझं घर शिरूरला, लेक दिलेली वडगाव रासाईला, पण जावई रेल्वेत म्हणून बिऱ्हाड दौंडला. लेकीची आधीची दोन पोरं महिन्याच्या आत गेली होती. जिची पोरं जगत नाहीत तिनं नवं मूल दुसऱ्या लेकुरवाळीच्या मांडीवर टाकायचं आणि मूठभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. मूल परक्याचं झालं म्हणजे तान्ही लेकरं नेणारी सटवाई त्याच्या वाटेला जात नाही म्हणतात.

शेजारची बाई मेंढरं राखणाऱ्या घरातली, तीन पोरं जगलेली. तिला विचारलं तर हसली. "द्या की मावशी. घरी तीन हायेत, ही चौथी. पाचवी काय जड हाय व्हय?"

विहीणबाईंनी, म्हणजे लेकीच्या सासूनं, कोंडा गावाहून बांधून आणला होता. विकलेल्या लेकराच्या अंगावर आईकडचं सूतसुद्धा नको, म्हणून त्यांनी नातीच्या मनगटावरची नावाची पट्टी कापली. मग त्या बाईच्या पोरीचीही कापली आणि दोघींना त्या बाईच्याच एका जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळले.

"तिची कशाला?" मी म्हणाले.

"दोघी एकसारख्या दिसल्या पाह्यजेत, विहीणबाई. सटवाईला कळाया नगं, कुठली कुणाची."

नात त्या बाईच्या मांडीवर टाकली, आणि दोन्ही पोरी तिथं असतानाच तिला रक्त जायला लागलं. मी डॉक्टरीणबाईंना हाका मारत पळाले. विहीणबाईंनी घाईघाईनं पोरी उचलून कॉटवर टाकल्या, त्या बाईला धरलं, आणि मागं वळून बघतात तर त्यांनाही ओळखता येईना. सटवाईसाठी केलेला बंदोबस्त आम्हांलाच पुरून उरला.

वजनं जवळपास सारखी होती, रक्तगट एकच निघाला. ती बाई दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. तोवर एका पोरीला कावीळ दिसू लागली होती. ती दूध ओढेना. दुसरी ठणठणीत. दोघी आयांनी ठणठणीत पोरीवरच बोट ठेवलं.

लेक मला म्हणाली, "ती पिवळी माझीच असंल. माझी न्हाई टिकत. म्हणून हात लावत न्हाई मी."

हे ऐकल्यावर मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आता काय असेल ते कळलंच पाहिजे. त्या म्हणाल्या, पुण्याच्याही पुढं, लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत रक्त पाठवून कळतं. दोन्ही पोरींचं, दोन्ही आयांचं आणि दोन्ही बापांचं.

"बापाचं कशाला?" विहीणबाई म्हणाल्या. "घोळ पोरींचा झालाय, बापाचा न्हाई."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी समजावलं. माणसाच्या रक्तात एक लांब मजकूर असतो. त्यात काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, लुगड्याच्या काठावर एकच नक्षी यावी तसा. कुणात तो दहादा, कुणात चौदादा. दर जागी लेकराला एक आकडा आईचा मिळतो, एक बापाचा. अशा पुष्कळ जागा मोजायच्या. आईबापांत नाहीत असे आकडे जागोजागी निघाले, तर ते लेकरू त्यांचं नाही. मी चौथी शिकलेली, पण मला कळलं.

उत्तर यायला दिवस लागणार होते. पोरी वेगळ्या कशा करायच्या? म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर ती बाईही जावयाच्या क्वार्टरवर राहिली. तिला अशक्तपणा, लेकीला टाके. जिला दूध असेल तिनं जी रडेल तिला पाजायचं, असं मी ठरवून टाकलं. लेक पिवळीला घेईना, तेव्हा मी ती सरळ तिच्या पदराखाली घातली. "कुणाची का असंना, उपाशी हाय," म्हटलं.

त्या बाईचा नवरा दारात बसून विहीणबाईंना चिडवायचा. "आत्याबाई, कळपात रातचं शंभर कोकरं मिसळत्यात. मेंढी वासावर आपलं बरोबर काढती."

"मग आण की मेंढी," विहीणबाई म्हणायच्या.

कावीळ हळूहळू उतरली. पोरगी दूध ओढायला लागली, रडायला लागली. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही घरच्यांना एकदमच बोलावलं. कावीळ झालेली आमची होती. सगळ्या जागा जुळल्या होत्या, दुसरीच्याही तिच्या आईबापाशी.

मला वाटलं लेक रडेल. तिनं फक्त विचारलं, "नक्की ना?" मग पोरगी उचलली आणि तिथंच बाकावर पाजायला बसली. मी बाहेर येऊन पायरीवर टेकले. जावयानं टपरीवरून चहा आणून दिला, तो तोंडात गोड लागला.

पोरी दोघी जगल्या. रक्त गेलेली ती बाई जगली. माझी लेकही जगली.