मठासाठी हुरडा

मुलाला पत्र लिहायचं आणि त्यात 'चिरंजीव' लिहायचं नाही! माझं डोकंच फिरलं. एकुलता एक मुलगा महानुभाव पंथाची दीक्षा घेऊन रिद्धपूरकडच्या एका मठात राहिला होता. त्याची आई आधीच गेलेली. घरात मी एकटा. बोलायचं तर बैलांशी. त्याला एकदा डोळे भरून पाहायचं होतं. न कळवता मठात जाणं बरं नव्हे, म्हणून कागद घेऊन बसलो. शेजारची म्हातारी त्याच पंथातली. रीत सांगायला तीच आली.

"वरतं 'दंडवत प्रणाम' लिवा, भाऊ. आशीर्वाद लिवू नोका. ते आता बाबा झाले."

"माह्या पोराले मी दंडवत घालू?"

"घालाच लागते. अन् घरची याद काढू नोका. त्याइच्यासाठी म्हणून काई आणतो, असंबी लिवू नोका. जे न्याल ते समद्या मठाले."

"मंग लिवू काय, कपाळ?"

"येतो, इतकंच लिवा."

तेवढंच लिहिलं. खाली एक ओळ मात्र वाढवली, मठासाठी हुरडा आणतो. पोराचा जीव हुरड्यावर. पूर्वी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आम्ही तिघं खायला बसायचो. मला तिखट सोसत नाही, म्हणून त्याची आई माझ्यापुढे चटणीऐवजी गुळाचा खडा ठेवायची. सगळ्या मठाला नेला म्हणजे मूठभर त्याच्याही वाट्याला येईल, असा माझा हिशेब.

कुठल्याशा दूरदेशच्या लढाईपायी तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता. गावाने ज्वारी सोडून सगळीकडे कपाशी पेरली. मी एक पट्टा ज्वारीचा राखला. म्हाताऱ्याले येड लागलं, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. कापसाच्या गाड्या अमरावतीच्या वाटेला लागल्या आणि माझी एकटी गाडी कोवळी कणसं घेऊन मठाकडे निघाली.

तो रोडावला होता. "दंडवत प्रणाम, बाबा," म्हणून मी वाकलो. त्यानेही दंडवत म्हटलं, बाकीच्यांना म्हटलं तसंच. नजर क्षणभरही थांबली नाही. इतकं एकटं मला रिकाम्या घरातसुद्धा वाटलं नव्हतं.

हुरडा भाजला, पंगत बसली. वाढायला तोच होता. ज्याच्या त्याच्या पानावर मूठभर हुरडा आणि जवसाची लालभडक चटणी. माझ्यापाशी आला. हुरडा वाढला, चटणी वाढली नाही. आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आला, माझ्या पानावर ठेवला आणि पुढच्या पानाकडे गेला.