पाय मागून पाहावा

मनकर्णामामीला सवत होती आणि ती चार पायांची होती. सवत बाई असती तर मामीनं झिंज्या धरून तिला गावभर फिरवलं असतं. पण बादल पडला बैल, तोही शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा, सिंदेवाहीकडच्या गावागावांत नाव असलेला. त्याच्याशी भांडणार कसं?

देवराव माझा सख्खा मामा, तरी सांगते, चूक त्याचीच होती. धानाच्या बांधीतून दोघं सोबतच घरी येत. मामा पुढे, मामी चार हात मागे, आमच्याकडची रीतच तशी. घरी आल्यावर मामी गुडघा धरून चुलीपुढे बसायची आणि मामा मोहाच्या बियांचं तेल कोमट करून गोठ्यात जायचा. बादलचा एकेक सांधा चोळायचा. "हळू, हळू," असं काही लाडानं म्हणायचा की ऐकत राहावं. मामीच्या वाट्याला मात्र "भात झाला का?" एवढंच.

"माह्या पायाले कधी हात लावला का यानं?" ती मला विचारायची. "त्या बैलावर माशी बसली तं याले दिसते!" आणि जळून कोळसा व्हायची. मी एकदा गमतीनं म्हटलं, मामी, तूच जाऊन गोठ्यात उभी राहा. ती हसली नाही.

मामीचे पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेले. लुगड्यात ते दिसत नसे, पण चपला नेहमी बाहेरच्या कडेनं झिजायच्या. यंदा चिखलात उभं राहून केलेल्या धानाच्या रोवणीनंतर गुडघा आतल्या बाजूनं इतका सुजला की दवाखाना गाठणं भाग पडलं. नवरा सोबत आला पाहिजे, हा तिचा एकच हट्ट. मामा तयार झाला, पण दिवस निवडला बैलबाजाराचा. बादलला जोडीदार पाहायचा होता ना! आधी बैल, मग डॉक्टर. मामीला आणि सोबत निघालेल्या मला आपल्या मागे घेऊन तो बाजारात शिरला.

तिथे एक पांढराशुभ्र बैल होता. व्यापाऱ्यानं तो चालवून दाखवला. मामा उकिडवा बसला आणि मागून त्याचे पाय पाहू लागला.

"हा नाई पाहिजे," तो म्हणाला.

"काऊन जी? केवढा देखणा हाय!" व्यापारी म्हणाला.

"पाय बाहेर झुकला हाय त्याचा. सरळ पायात वजन साऱ्या सांध्यावर सारखं पडते. झुकला का सारा भार आतल्या अंगाले. दोन हाडाच्या मंधात गादी रायते, ते तेवढ्याच जागी घासते, बाकीची कोरी. मंग हाडाले हाड लागते. खूर पाहा, बाहेरच्या कडेनं कसा झिजला. तेल चोळून पायाचा आकार बदलत नाई, भाऊ."

मामी त्याच्या मागे उभी होती, नेहमीच्या जागी. तिनं विचारलं, "आन असा बैल घरचाच असला तं?"

मामा वळलाही नाही. "घरच्याले चिखलात नाई घालत. फसलेला पाय उपसाले जोर लागते, तो घासलेल्या अंगालेच बसते. त्याले हलकं काम द्याचं."

"मंग मले काऊन घातलं जी चिखलात?"

तिनं पायातल्या चपला काढून त्याच्यापुढे टाकल्या. मामानं एक उचलून उलटी केली. बाहेरची कड उरलीच नव्हती. व्यापारी हसायला लागला होता, तो मामाचं तोंड पाहून थांबला.

"मले दिसलंच नाई," मामा अडखळत म्हणाला. "तू तं मागंच चालते."

"आज मी पुढं चालते. पाहा."

लुगडं वीतभर वर धरून मामी भर बाजारातून अनवाणी चालू लागली. जाताजाता तिनं त्या पांढऱ्या बैलाकडेही जळजळीत नजर टाकली. मेल्याला मामानं केवढा वेळ निरखलं होतं! मामा तिच्या चपला हातात घेऊन मागून निघाला. पाऊल टेकलं की तिचा गुडघा बाहेर झोकांडायचा, आणि तो मान खाली घालून तेच पाहत होता. जोडीदार बैलाचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मामीचा पाय लटपटला. तोच मागून आवाज आला, "हळू, हळू."

मामीनं चटकन वळून पाहिलं. मागे बैल कुठेच नव्हता.