सरकायचं कुणी

दवाखान्यात आया म्हणून लागून नवीला चारच दिवस झाले होते. ऑफिसबाहेरची फरशी पुसता पुसता आतलं भांडण तिच्या कानावर आलं. थोरली आया हेडक्लार्कला विचारत होती, "सातजणी आहोत आम्ही. कपडे बदलायचे कुठं? जिन्यात?"

"जरा अ‍ॅडजस्ट करा की, बाई."

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे आहे त्यात भागवायचं."

"बरं. मग तुम्ही बसा जिन्यात, मी तुमच्या खुर्चीत भागवते."

महिनाभर भांडून थोरलीनं जिन्याखालची खोली मिळवली. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीशी, पण दाराला आतून कडी.

नवी पुढं एकतीस वर्षं नवीच राहिली, आणि तो ‘अ‍ॅडजस्ट’ शब्द तिच्या मागं हात धुऊन लागला. सासूला इंग्रजीचा गंध नव्हता, पण एवढा एक शब्द तिनं बरोबर उचलला होता. पाहुणे आले की म्हणायची, "तू आज स्वयंपाकघरात अ‍ॅडजस्ट हो." म्हणजे दाराच्या फटीपाशी गारठ्यात झोप. नवरा म्हणाला की अर्थ एकच, गप्प बस. वॉर्डात म्हणजे एका खाटेवर दोन पेशंट, एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी. कुणा बड्याच्या मेहुण्याला रांगेत पुढं घुसवायचं, तेही अ‍ॅडजस्टच. सून वेगळी राहायला निघाली तेव्हा "आमचं अ‍ॅडजस्ट होत नाही" एवढंच बोलली. नवीला राग यायचा तर हेवाच वाटला.

एक मात्र तिनं पक्कं ओळखलं होतं. हा शब्द काढणारा मेला स्वतः कधी वीतभरही सरकत नाही.

निवृत्तीला दोन महिने उरले आणि नव्या साहेबांनी जिन्याखालच्या त्या खोलीत जुन्या फायलींचे खोके कोंबले. बायकांच्या पिशव्या बाहेर, ओल्या फरशीवर.

"मावशी, संडासात बदला ना कपडे. थोडं अ‍ॅडजस्ट करा," साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

नवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला पिशवी घेऊन ती थेट त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, जरा बाहेर थांबा. कपडे बदलायचेत."

"इथं?"

"संडासापेक्षा बरंय. पंखाही आहे."

"नोकरी जाईल, मावशी."

"ती दोन महिन्यांनी जाणारच आहे," म्हणत तिनं पिशवीची गाठ सोडायला घेतली. साहेब बाहेर. तिच्यामागून एकेक करत बाकीच्या सहाजणी आत. येणारेजाणारे विचारू लागले, साहेब, तुम्ही दारात कसे? तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी खोके हलले. माफी कुणी मागितली नाही, आणि नवीचा रागही उतरला नाही.

शेवटच्या दिवशी साहेब हार घेऊन भाषणाला उभे राहिले. "आमच्या मावशी फार समजूतदार," असं म्हणेपर्यंत नवीनं दात आवळून ऐकलं. तेवढ्यात दारातून नर्सनं खूण केली, नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजींना लघवीचं भांडं हवंय. नवी उठली.

"मावशी, आज राहू द्या," साहेब म्हणाले. "पाच मिनिटं त्या अ‍ॅडजस्ट करतील."

"तुम्हाला लागली असती तर तुम्ही केलं असतं?"

भांडं गार लागू नये म्हणून तिनं ते गरम पाण्यात फिरवून घेतलं, पुसलं. मग पडदा ओढला आणि आजींच्या कमरेखाली हात घातला.

"करा सावकाश," ती म्हणाली. "मी इथंच आहे."