दाराजवळची सीट

आमच्या रिसॉर्टच्या पत्रकात 'एका दिवसात सात ठिकाणं' असं छापलंय. ते लिहिणारा माणूस माझ्या बसमध्ये कधी बसलेला नाही. खडकाच्या भोकातून समुद्राचं पाणी कारंज्यासारखं उडतं हे खरं, पण ते भरतीलाच उडतं, आणि भरती काही आमचं वेळापत्रक बघून येत नाही. मग गुहा, मिठागरं, काचेच्या तळाची होडी, टेकडीवरची बाग आणि एकशे बेचाळीस पायऱ्यांचं दीपगृह. सातवं ठिकाण म्हणजे शिंपल्यांचं दुकान. पत्रकात त्याला संग्रहालय म्हटलंय. अकरा वर्षं मी ही सहल नेतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिच्यात बघण्यासारखी गोष्ट एकच होती: आमच्या गाइडबाईंची मोजणी.

प्रत्येक ठिकाणाहून निघताना बाई दाराशी उभ्या राहायच्या आणि उजव्या हाताचं बोट वर करायच्या. ते बोट वर गेलं की बसमध्ये कुणी शिंकायचंसुद्धा नाही. त्यांच्या स्वतःच्या सीटपासून, म्हणजे दाराजवळच्या एकट्या सीटपासून, मोजणी नसायची. तिच्या मागच्या रांगेपासून सुरू करून त्या पार शेवटपर्यंत जायच्या, प्रत्येक सीटच्या पाठीला बोट लावत. मध्ये कुणी "बाई, पुढे पाणी मिळेल का?" असं विचारलं, की त्या पुन्हा एकपासून सुरू. मी एकदा असाच मध्ये बोललो होतो. त्यांनी मला ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर अकरा वर्षं मी मोजणीच्या वेळी तोंडाला कुलूप लावून बसलो. मोजणी जुळली की बाहेरच्या पत्र्यावर दोन थापा. दोन थापा पडल्याशिवाय मी हँडब्रेकला हात लावायचा नाही.

तेवीस वर्षांत बाईंनी एकही माणूस मागे सोडला नाही. रुसून गुहेत बसलेली नवी नवरी शोधून आणली, होडीत झोपलेले आजोबा शोधून आणले. दुसऱ्याच रिसॉर्टचा एक गृहस्थ आमच्या बसमध्ये चढून बसला होता, त्याला एक माणूस जास्त होतोय म्हणून खाली उतरवलं.

बाईंचे यजमान शिलाईकाम करायचे. बाजारात छोटंसं दुकान, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. बाईंच्या हातातलं पिवळं निशाण त्यांनीच शिवलेलं. इतक्या वर्षांत मास्तरांनी ही सहल एकदाही पाहिली नव्हती. रविवारी बाई सहलीवर, आणि रविवारी मास्तरांकडे कपडे न्यायला येणाऱ्यांची रांग. "पुढच्या रविवारी येतो," असं ते दर रविवारी म्हणायचे. बाई म्हणायच्या, "या की. बस काय पळून जात नाही."

शेवटी बाईंच्या निवृत्तीचा रविवार आला, आणि मास्तर दुकान बंद ठेवून खरोखर आले. निशाणाच्या उरलेल्या कापडाची पिवळी टोपी डोक्यावर, शर्टाच्या खिशाला सुई-दोरा टोचलेला. स्वागतकक्षात मॅनेजरसाहेबांनी सकाळीच पाटी टांगली होती: 'तेवीस वर्षं. एकही प्रवासी मागे राहिला नाही.' संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांसमोर ती बाईंना द्यायची होती. बाई वरवर "हे काय भलतंच," म्हणाल्या, पण बसमध्ये चढल्यावर माझ्या आरशात दोनदा केस नीट केले. त्या पाटीचं त्यांना फार अप्रूप होतं. का नसावं? तेवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून मिळवलेली होती ती.

पाहुणे सव्वीस, बस गच्च. म्हणून बाईंनी आपली दाराजवळची सीट मास्तरांना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. मास्तर सगळीकडे नवी खेळणी मिळालेल्या पोरासारखे हिंडले. खडकातून त्या दिवशी पाणी उडालं, अगदी वेळेवर. मास्तर भिजले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही हे दर आठवड्याला बघता?" मी हो म्हणालो. खरं तर मी त्या वेळेत बसमध्ये डुलकी काढतो.

दीपगृह सहावं. साडेतीन वाजता सगळे खाली उतरले, बसमध्ये बसले. बाईंचं बोट वर गेलं. एक, दोन, तीन... सव्वीस. पत्र्यावर दोन थापा. बाई आत आल्या, गुडघ्यांवर हात ठेवला आणि "हुश्श" करून आपल्या सीटवर बसल्या. मी बाजूला पाहिलं. दाराजवळच्या सीटवर बाई. अकरा वर्षं हेच पाहत आलो होतो, त्यात वावगं ते काय दिसणार? मी गाडी सोडली.

शिंपल्यांच्या दुकानाशी थांबलो तेव्हा बाई उठल्या, आणि सीटवर चेपलेली एक टोपी दिसली. विसरलेल्या वस्तू त्यांना रोजच्याच. त्यांनी नेहमीसारखी टोपी उंच धरली आणि माइकवर विचारलं, "ही टोपी कुणाची राहिली?" कुणी हात वर केला नाही. "अहो, बघा नीट, कुणाची टोपी?" असं म्हणता म्हणता त्यांचं लक्ष टोपीकडे गेलं. मग दुसऱ्या हातातल्या निशाणाकडे. दोन्ही एकाच कापडाची.

माइक तसाच तोंडाशी राहिला. मी फोन लावला, तर मास्तरांचा फोन बाईंच्याच पर्समध्ये वाजायला लागला. पहिल्या रांगेतल्या काकू हळूच म्हणाल्या, "ते होय? मला वाटलं ते दीपगृहातच नोकरीला आहेत. तिथल्या माणसाशी किती आपलेपणाने बोलत होते!"

"गाडी वळव," बाई म्हणाल्या.

त्या रस्त्यावर बस वळवणं म्हणजे माझ्या शत्रूवरही येऊ नये असं काम. एका बाजूला दुकानाची भिंत, दुसऱ्या बाजूला समुद्र. एरवी मी चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. सव्वीस पाहुण्यांपैकीही कुणी कुरकुरलं नाही, उलट मागचे दोघे खाली उतरून "अजून ये, अजून ये" करत होते. शिंपल्यांचं दुकान हुकलं याचं कुणालाही वाईट वाटलं नाही.

बाई वाटभर उभ्या होत्या. "घाबरले असतील," म्हणाल्या. मग, "रागावले असतील."

मास्तर दीपगृहाच्या खालच्या पायरीवर बसले होते. शेजारी दीपगृहाचा रखवालदार बनियनवर बसलेला, आणि त्याचा गणवेशाचा शर्ट मास्तरांच्या मांडीवर. मास्तरांनी मान वर केली. "आलीस? याची चार बटणं तुटली होती. एवढं शेवटचं होऊ दे."

बाईंचा बांध फुटला. राग आणि रडू एकदमच. "अहो, हाक मारायची नाही का? वर काय करत होतात? बस दिसत नव्हती?"

"दिसत होती की. वरून तू पण दिसत होतीस." मास्तरांनी दोरा दातांनी तोडला. "हाक मारायला तोंड उघडलंच होतं. पण तुझं बोट वर होतं. मोजताना तुला बोललेलं चालत नाही. म्हटलं, झाल्यावर मारू. तर झाल्यावर तू निघूनच गेलीस."

बाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. टोपी झटकली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली.

रिसॉर्टवर पोचायला आम्हाला सहा वाजले. मॅनेजरसाहेबांनी भाषण आखडतं घेतलं आणि पाटी पुढे केली. बाईंनी ती घेतलीच नाही. "ही आता खरी राहिली नाही, साहेब. आज एक माणूस राहिला."

मास्तर घाईने पुढे आले. "अगं, घे ती. 'प्रवासी' लिहिलंय तिच्यावर. मी कुठे प्रवासी? माझं नाव यादीतच नव्हतं."

"म्हणूनच राहिलात ना," बाई म्हणाल्या. "तेवीस वर्षं मी जगाला मोजलं. तुम्हाला कधी मोजलंच नाही."

मास्तरांनी नुसतीच टोपी सारखी केली. पाटी साहेबांच्या हातातच राहिली. ती अजून त्यांच्या कपाटामागे आहे.

त्या संध्याकाळी दोघांना घरी सोडायला मीच रिकामी बस काढली. बाईंनी मास्तरांना दाराजवळच्या सीटवर बसवलं आणि खाली उतरून दाराशी उभ्या राहिल्या. बोट वर गेलं. मी जुन्या सवयीने श्वास धरला. त्यांनी पिवळ्या टोपीला बोट लावलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "एक."

मग पत्र्यावर दोन थापा पडल्या, बाई आत आल्या, आणि मी हँडब्रेक काढला.