रिस्पाबाईंनी फाडलेली कादंबरी

रिस्पा आवुओर बाईंनी किसुमूच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या कितीतरी पोरांच्या हातावर त्यांची पट्टी बसली असेल. त्याच बाईंनी एका सोमवारी सकाळी चारशे पानांची जाडजूड कादंबरी गुडघ्यांत अडकवली आणि मधोमध फाडली.

तेव्हा त्या इस्पितळात रक्तशुद्धीच्या यंत्राला जोडलेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी चार-चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया असायच्या आणि तो हात हलवायचा नसे. घरी आलं की पडून राहायचं. जरा तरतरी आली म्हणेपर्यंत पुढचा वार उजाडलेला असे. पाणी मोजून प्यायचं, केळं बंद, टोमॅटो बंद, आवडती ओमेना मासळीही बंद. मोंबासाहून मुलगा फोन करी, "आई, कशी आहेस?" बाई म्हणत, "आहे." त्यापुढे बोलायचं त्यांच्या जिवावर येई.

चार तास कसे काढायचे हाच प्रश्न होता. भिंतीवरच्या टीव्हीवर कुणी ना कुणी प्रवचन देत असे. म्हणून बाईंनी बसस्टँडपाशी जमिनीवर पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडून ही कादंबरी उचलली. हातात मावेल का, याचा विचार केला नाही. एका हातानं ती काही पेलेना. अंगठा दुखायला लागला की पुस्तक धपकन खाली.

"बाई, तीनदा उचलून दिलं," नर्स जेरोटिच म्हणाली. सात खुर्च्यांमागे ती एकटीच होती. "आता पडलं तर माझ्या टेबलावर ठेवणार."

शेजारच्या खुर्चीत ओंडिएक असे. पन्नाशीचा, बावीस वर्षं नैरोबीची बस चालवलेला माणूस. तो डोळे न उघडताच म्हणाला, "फाडा की. हलकं होईल."

"पुस्तक आहे ते, ओंडिएक."

"मग पडू द्या. मला तेवढीच करमणूक."

पुस्तक चौथ्यांदा घसरलं, तसं बाईंनी ते गुडघ्यांत अडकवलं आणि फाडलं. आवाजासरशी जेरोटिच वळली. बाईंचे कान तापले. पण अर्धं पुस्तक हातात अलगद बसलं आणि त्या वाचू लागल्या.

समुद्रकाठच्या गावात एक विधवा एकटी राहते. दर आठवड्याला तिला पत्र येतं आणि अक्षर असतं तिच्या मेलेल्या नवऱ्याचं. शेजारी एक गोडबोल्या डॉक्टर आहे. नवऱ्याची बहीण आहे, तिला ते घर हवंय. सगळी गोष्ट ती विधवाच सांगते, इतक्या साधेपणानं की तिचा कळवळा यावा.

यंत्र वाजलं तेव्हा बाई दचकल्या. "काय झालं?"

"झाले चार तास," जेरोटिच म्हणाली.

बाईंना खरं वाटेना. आपल्याला तहान लागली नाही, हे त्यांच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

गुरुवारी त्यांनी वाचून झालेली साठ पानं सुटी केली आणि ओंडिएकच्या मांडीवर टाकली. "घे. टीव्हीकडे बघून सुस्कारे टाकतोस, माझं लक्ष उडतं."

"मी गाडीच्या परवान्याशिवाय दुसरं कधी काही वाचलेलं नाही, बाई."

पण त्यानं वाचलं. ओठ हलवत, बोट फिरवत, हळूहळू. तासाभरानं म्हणाला, "डॉक्टर."

"काय डॉक्टर?"

"तोच पत्रं पाठवतो. इतकं गोड बोलणारा माणूस बसमध्ये चढला की मी आधी खिसा चाचपायचो."

तिथून दोघांची झटापट सुरू झाली. पुढचा तुकडा हाती पडेपर्यंत ओंडिएकला दम नसे. "बाई, उरका! शाळेतसुद्धा असंच रमतगमत वाचायच्या का?" जेरोटिच रक्तदाब बघायला आली की उभ्या उभ्या दोन पानं वाचून जाई आणि नणंदेवर संशय घेई. अंगातला शीण तसाच होता, उतरताना पाय तसेच लटपटत. पण बुधवारी संध्याकाळी भाजी चिरताना बाई स्वतःशीच म्हणाल्या, 'चला, उद्या गुरुवार.' दोन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

बाईंच्या हातात पेन्सिल असे, जुनी खोड. एका पानावर त्यांना शुद्धलेखनाची चूक सापडली, एका शब्दात एक अक्षर जास्त. छापणाऱ्याची चूक समजून त्यांनी गोल केला. वीसेक पानांनंतर नवऱ्याचं एक पत्र आलं आणि त्यातही तोच शब्द, तेच जास्तीचं अक्षर. बाईंनी हातातल्या तुकड्याची मागची पानं चाळली. विधवा जिथे जिथे तो शब्द लिहिते, तिथे तीच चूक; बाई गोल करत गेल्या.

त्यांच्या अंगावर काटा आला. बाहेरून कुणीच पत्र पाठवत नव्हतं. ती विधवाच लिहीत होती, आणि लिहिल्याचं तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. की होतं? बाईंनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांत इतकं सुख वाटलं नव्हतं. मग त्यांनी खोडरबरानं ते गोल पुसून टाकले, अगदी खूण राहणार नाही असे, आणि तुकडा शेजारी दिला.

"आता तर नक्की डॉक्टरच," ओंडिएक म्हणाला.

"असेल बाबा," बाई म्हणाल्या.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, त्याची खुर्ची रिकामी होती. गुरुवारीही.

"फोन केला होता," जेरोटिच हळूच म्हणाली. "बायको म्हणते, त्यांना पुरे झालंय. नाही यायचं म्हणतात."

हा विचार बाईंच्याही मनात अनेकदा येऊन गेला होता.

शुक्रवारी दुपारी त्या भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून न्यालेंडा वस्तीत ओंडिएकच्या घरी गेल्या. शेवटचा तुकडा पर्समध्ये होता. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, तुकडा द्यायचाच नाही. हवा असेल तर सोमवारी येऊन घे, असं सांगायचं.

ओंडिएक दारात खुर्ची टाकून बसला होता. तोंड सुजलेलं, पाय फुगलेले. त्याची बायको मिल्का चहा करायला आत गेली.

"उपदेश करायला आलात?"

"माझंच मला ओढवत नाही, तुला कसला करू?"

तो धापा टाकत हसला. "दर आठवड्याला तेच, बाई. संपतच नाही."

"नाही संपत," बाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा बघून त्यांना स्वतःची लाज वाटली. तो काय लहान पोर होता गोड गोळी दाखवून बोलवायला? त्यांनी तुकडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हा शेवट. वाच किंवा नको वाचूस." चहाचा एक घोट घेऊन त्या उठल्या. दाराशी मिल्कानं त्यांचा हात घट्ट धरला. बाई तिला एवढंच म्हणाल्या, "दम लागला तर त्याला विचारत बसू नकोस. उचल आणि आण."

सोमवारी ओंडिएक चाकाच्या खुर्चीतून आला. शनिवारी पहाटेच त्याला दाखल करावं लागलं होतं. सुया टोचून होईपर्यंत तो टीव्हीकडे बघत होता. मग म्हणाला, "गोष्टीसाठी नाही आलो हं. श्वास कोंडला. मिल्कानं दोन शेजारी बोलावले आणि मला पोत्यासारखा गाडीत घातला."

"बरं."

"आडवं होता येत नव्हतं, म्हणून बसून वाचलं सगळं." त्यानं मान वळवली. "बाई, तुम्हाला कधी कळलं?"

"केव्हाच. निम्म्यात." बाईंनी त्या चुकीची हकिगत सांगितली.

"म्हणजे दोन आठवडे मला त्या बिचाऱ्या डॉक्टरच्या मागे पळवलंत!"

"मी कुठे पळवलं? तूच गाडी घातलीस त्याच्यावर."

बाईंना हसू आवरेना. हात हलला, तसं यंत्र कोकलू लागलं. जेरोटिच धावत आली. "बाई! सुई निघेल! आणि शेवट सांगू नका, माझी चाळीस पानं राहिलीत."

"तिला सांगू नका," ओंडिएक म्हणाला. "तिला बसू दे नणंदेला धरून." मग त्याची मान खुर्चीवर कलली आणि त्याला झोप लागली.

बाईंचे दोन तास अजून उरले होते. वाचायला काही नव्हतं. टीव्हीवरचा प्रवचनकार घसा ताणून बोलत होता. तहान लागली होती. शेजारी ओंडिएक घोरत होता आणि त्याच्या छातीवरचं पांघरूण वर-खाली होत होतं. बाई ते बघत बसल्या.