पुराची खोडलेली ओळ

वैनगंगेच्या काठावर, कारध्यात, ओसरीतून नदी दिसते अशा घरात राहून मी घराच्या विम्यातून पूर वगळला होता. वाचता येत नव्हतं म्हणून नाही. चष्मा लावून, दोनदा वाचून ती ओळ खोडायला लावली आणि शेजारी वळणदार अक्षरात सही ठोकली. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची होते, म्हणजे शहाणपण यायचं वय उलटून गेलेलं आणि म्हातारपणाची सबब अजून लागू न झालेली. त्यातून विम्याचा कागद वाजवी आहे की नाही हे नुसता हातात घेऊन सांगणारा माणूस सगळ्या भंडारा जिल्ह्यात एकच होता आणि तो माझ्या घरापासून सहा घरं सोडून राहत होता. ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

वरठीच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरवर काढली. कारखाना सुटला, पण मोजणं काही सुटलं नाही. लोकांच्या खिशात पेन असतो, यांच्या खिशात मोजपट्टी. लग्नाला गेले की नवरानवरीकडे नजर जाण्याआधी मांडवातल्या वायरींकडे जाई. पुतणीसाठी मुलगा पाहायला गेले तेव्हा शिक्षण, पगार सगळं बाजूला ठेवून यांनी पहिला प्रश्न विचारला, "घराची वायरिंग कधीची आहे?" मुलाच्या बापाला ही देण्याघेण्याची काहीतरी नवी तऱ्हा वाटली आणि त्यानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. लग्न जमलं. वायरिंगही बदलली. कोणाच्या घरी मौतीला बसायला गेले, तरी घटकाभर मान खाली घालून झाली की त्यांची नजर हळूच छताच्या लाकडावर चढायची आणि मयताच्या मुलाला ते अगदी मायेनं म्हणायचे, "वाळवी लागून राहिली, बाबू. बापाचं झालं, आता घराचं पाहा."

विमा कंपनीनं सांगितलेला हप्ता बरोबर की चूक, हे विचारायला लोक त्यांच्या ओसरीवर येत. लाखनीचा एक किराणावाला आला होता. त्याच्या कागदात घराची किंमत अशी लिहिली होती, की वाचूनच माणूस सावकार व्हावा. भासरे म्हणाले, "हे तर जागेसकट धरलं. जागा जळते का? जागा वाहून जाते का? मग तिचा हप्ता काहून भरतो? घर आज नव्यानं बांधायले काय लागते, तेवढंच लिही." त्याचा हप्ता उतरला. तेच एका मास्तरांना त्यांनी उलट वाढवायला लावला, कारण मास्तरांनी फ्रीज, कपाट, पलंग सगळं आपल्या लग्नाच्या वेळच्या किमतीनं लिहिलं होतं. "मास्तर, त्या भावात आज फ्रीजचा दरवाजाही येत नाही." कोणताही कागद ते आधी पालथा करत. काय देणार ते पुढच्या पानावर मोठ्या अक्षरात असतं, काय देणार नाही ते मागे. "स्वस्त कागद कुठून तरी कापलेला राहते. कुठून कापला ते पाहा, मंग सही करा." महाग आणि स्वस्त हे शब्द त्यांना आवडत नसत. वाजवी, किंवा वाजवी नाही. बस.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिनंही त्याच्यासमोर यायचं नाही. नव्या सुनांनी हे मोडीत काढलं, पण आम्ही दोघांनी जन्मभर पाळलं. आमचं सगळं बोलणं जाऊबाईंमार्फत, म्हणजे त्यांच्या बायकोमार्फत. भासरे ओसरीत, मी स्वयंपाकघरात दाराआड आणि जाऊबाई मधल्या उंबरठ्यावर. दोघांचा आवाज दोघांनाही स्वच्छ ऐकू येई. तरी भासरे म्हणत, "तिले इचार, पोरं बरी आहेत का?" मी म्हणे, "सांगा, बरी आहेत." आणि जाऊबाई सुपातल्या तांदळातून मान वर न करता म्हणत, "ऐकलं ना? मंग झालं." एवढ्या वर्षांत त्यांनी आमचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आमचे हे गेले आणि घर माझ्या नावावर आलं, तेव्हा भासऱ्यांनी विम्याचं मनावर घेतलं. भाऊ नाही, निदान भावाचं घर तरी धड राहावं, असं काहीसं त्यांच्या मनात असणार, बोलले नाहीत. वही घेऊन ओसरीत बसले आणि घरातलं सामान लिहायला लागले. "तिले इचार, गंज किती? मोठे किती, लहान किती?" मला हसू आवरेना. मी म्हटलं, "सांगा, भांडी मोजणाऱ्या घरी लक्ष्मी थांबत नाही." तिकडून उत्तर आलं, "तिले सांग, लक्ष्मी गेल्यावर भांडी आठवत नाहीत, म्हणून आधी लिहितो." मग मी वात्रटपणा सुरू केला. गाद्या चार, त्यातली एक ढेकणांसकट. आरसा एक, खोटं बोलणारा. सासूबाईंचा फोटो एक, त्याची किंमत तुम्हीच लावा. पुढे ती वही माझ्या हातात आली तेव्हा पाहिलं, त्यांनी लिहिलं होतं: आईचा फोटो, एक, नवा मिळत नाही.

भंडाऱ्याहून एजंट आला. शांत, सभ्य मुलगा. त्यानं दोन आकडे सांगितले, एक पुरासकट आणि एक पुराविना. दुसरा बराच कमी होता. वर त्यानं स्वतःच बजावलं, "काकू, नदी समोर आहे, पूर राहू द्या." पण तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! ज्या वैनगंगेची मी ओटी भरते, जिच्यात दिवा सोडते, तिच्याच नावानं आगाऊ फिर्याद लिहून ठेवायची? उद्या तिला कळलं तर? त्यात भासऱ्यांना एकदा तरी हरवायची खुमखुमी होतीच. या माणसानं जन्मभर दाराआडून मला शहाणपण शिकवलं, आता पाहा म्हणावं, बाईमाणूसही हप्ता उतरवू शकते. मी म्हटलं, "खोड ते." आणि संध्याकाळी जाऊबाईंमार्फत निरोप धाडला, "सांगा, तुम्ही म्हणालात तसंच केलं. पुरासकट."

ते खोटं त्यांना इतकं गोड लागलं, की पुढची तीन वर्षं ते ओसरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "वाजवी कागद पाहाचा आहे? आमच्या बहूचा पाहा." कागद मात्र त्यांनी एकदाही मागितला नाही. बहूच्या शब्दावर कागद काय मागायचा.

मग वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि नदी घरात आली. आम्ही चार दिवस भंडाऱ्याच्या शाळेत काढले. परत आलो तर खिडकीच्या कठड्यापर्यंत गाळ, तांदळाची कोठी फुगून फाटलेली आणि गाद्या न ओळखता येण्यासारख्या. गल्लीत सगळ्यांचं तेच झालं होतं; पण सगळे माझ्या अंगणात जमले, कारण भासरे वही काखेत मारून ताठ उभे होते आणि कंपनीचा तपासनीस यायचा होता. ज्यांनी त्यांचं ऐकलं नव्हतं त्यांनाही पाहायचं होतं, की वाजवी कागद असला म्हणजे काय होतं.

तपासनीसानं माझा अर्ज उघडला आणि ती ओळ त्यांच्यापुढे धरली. खोडलेली, शेजारी माझी सही. मी दाराआड उभी होते. पदर डोक्यावर, हात चौकटीवर. त्यांनी ती ओळ वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. दाराकडे पाहिलं नाही. ते कधीच पाहत नसत. मग लोकांकडे वळून म्हणाले, "हे मीच खोडायले लावलं होतं. मले वाटलं, एवढ्या वर पाणी चढत नाही. माहा अंदाज चुकला."

कोणीतरी मागून म्हणालं, "भाऊ, नदीच्या आधी तुमच्या अकलीलेच पूर आला म्हणा ना." लोक हसले. चिखलात उभे राहूनही हसले. जाऊबाई उंबरठ्यावर होत्या. मी तोंड उघडलं असतं तर चार शब्द, तेवढेच लागत होते. मी चौकट घट्ट धरून ठेवली.

घर मुलांनी उभं केलं. पण भासऱ्यांच्या ओसरीवर त्यानंतर कोणी कागद घेऊन आलं नाही. लाखनीच्या किराणावाल्यानं नवा सल्लागार धरला. मास्तर रस्त्यानं जाताना सायकलवरून उतरायचे, ते उतरेनासे झाले. भासरे संध्याकाळी ओसरीत बसत, चष्मा पुसून, कोणी येईल अशा बेतानं. लग्नाच्या मांडवात आता ते वायरींकडे पाहत नसत, जेवून सरळ घरी येत. मी रोज त्यांच्याकडे जायची. रोज ठरवून जायची, की आज जाऊबाईंना म्हणायचं, सांगा त्यांना, ती ओळ मी खोडली, चारचौघांत सांगा. आणि दाराआड बसून विचारायची, यंदा लाखोळीची डाळ कशी निघाली? दोन वर्षं मी डाळच विचारली. मग त्यांना धाप लागायला लागली आणि एका उन्हाळ्यात ते गेले.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. जाऊबाई आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. दोन वर्षं पाठ केलेलं ते वाक्य मी त्या दिवशी बोलले. ओळ मी खोडली, निरोप खोटा धाडला, आणि त्या दिवशी दाराआड गप्प राहिले. जाऊबाईंचा हात सुपात चालूच होता. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"मले माहीत आहे, बाई. त्याच दिवशी घरी येऊन त्याईनं सांगितलं होतं. म्हणाले, तिले काही बोलू नको, ती सोताच निरोप धाडीन. मंग रोज दिवा लागला की मले इचारत, आला का काही तिकडून? मी म्हणो, नाही आला. आता आणला तू. मी कोणाले नेऊन देऊ?"