दोन गुंठे जर्मनी

महागावच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या नंदकिशोरबाबूंना जर्मन भाषेतला एक शब्दही येत नव्हता, आणि जर्मनीत त्यांनी कधी पाय ठेवला नव्हता. तरी गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका चार मजली इमारतीत सगळ्यात शिस्तीचा रहिवासी म्हणून ज्याचं नाव निघायचं, तो माणूस खरं पाहता तेच होते.

झालं असं की त्यांचा मुलगा अनिकेत तिकडे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवाळीला आला तेव्हा बाबांच्या फोनची काच तडकलेली पाहून त्यानं आपला जुना फोन त्यांना दिला. त्यात त्यांचं सिम टाकलं, अक्षरं मोठी करून दिली आणि जाताना सांगितलं की आतलं काही उडवू नका, मी सवडीनं साफ करून देईन. सवड काही झाली नाही. त्याचं तिथलं रोजचं सगळं जगणं त्या फोनमध्ये तसंच राहिलं. कचऱ्याच्या गाडीचं ॲप, ट्रामचं ॲप, हवामानाचा इशारा देणारं, पार्सलचं, इमारतीतल्या लोकांच्या सूचनाफलकाचं, आणि या सगळ्याचा अर्थ लावून देणारं भाषांतराचं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, त्यांची बायको सुहासिनीबाई भाकरी थापत असताना, फोन टिंग झाला. पडद्यावर हातभर लांब जर्मन शब्द आणि बाजूला कचऱ्याच्या भुऱ्या डब्याचं चित्र. दुसऱ्या कोणी ते अंगठ्यानं बाजूला सारलं असतं. पण बत्तीस वर्षं टेबलावर आलेला कागद वाचल्याशिवाय पुढे न सरकवलेल्या माणसाला ते जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी तो शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये घातला. उत्तर आलं: उद्या जैविक डबा.

त्यांनी लगेच अनिकेतला फोन लावला. तिकडे दुपारचे तीन वाजले होते आणि तो मीटिंगमध्ये होता. घरून अवेळी फोन आला म्हणून तो धावत बाहेर आला.

"उद्या तुझा भुरा डबा हाये," नंदकिशोरबाबू म्हणाले. "रस्त्यावर नेऊन ठेवजो."

मीटिंग सोडून हे ऐकायला आलो, म्हणून अनिकेत वैतागला. पण मागच्याच महिन्यात डबा ठेवायचं विसरल्याबद्दल घरमालकीणबाईंनी त्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती, त्यामुळे त्यानं मुकाट्यानं हो म्हटलं. ही चूक त्याला पुढे तीन महिने भोवली.

कारण नंदकिशोरबाबूंना काम मिळालं. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून संपवत आणि बाजाराच्या दिवशी तीन तीन चकरा मारत. आता ते सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून फोन घेऊन बसत. पिवळं झाकण वेष्टनांचं, निळं कागदाचं, काळं उरल्यासुरल्याचं, हे त्यांना आठवडाभरात पाठ झालं. चार क्रमांकाची ट्राम पुलाच्या दुरुस्तीमुळे वळवली की अनिकेत दात घासत असतानाच त्याला महागावहून कळायचं. बर्फ पडणार असला की टोपीचं विचारायचे. पार्सल खालच्या मजल्यावर ठेवलं की खालच्या मजल्यावरच्या माणसाचं आडनावही सांगायचे. एकदा सुहासिनीबाईंनी दळण आणायला सांगितलं तर म्हणाले, थांब, अनिकेतची ट्राम चुकून राह्यली.

एवढ्यावर थांबते तर गोष्ट झाली नसती. पण त्या सूचनाफलकाच्या ॲपवर घरमालकीणबाई काहीबाही लिहीत. त्यांचं नाव फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई. वय सत्तरीच्या पुढे, राहणं तळमजल्यावर. जिना कोणी झाडायचा, सायकली कुठे ठेवायच्या, दुपारी एक ते तीन आवाज करू नये, असे त्यांचे मजकूर असत. कोणी उत्तर देत नसे. सूचना येते आणि पोच जात नाही, हे नंदकिशोरबाबूंना पाहवेना. एका सकाळी त्यांनी मराठीत मजकूर तयार केला: "आपली जिन्याच्या स्वच्छतेबाबतची सूचना प्राप्त झाली. त्यास अनुसरून आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल. आपला विश्वासू." ॲपनं त्याचं जर्मन केलं, यांनी ते पाठवलं. अनिकेतच्या नावानं.

तिकडे त्या बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोलाचा माणूस भेटला असावा. त्यांचं उत्तर आलं, तेही तितकंच रीतसर. मग पत्रव्यवहार सुरू झाला. नंदकिशोरबाबूंनी सायकलींच्या जागेवर क्रमांक टाकावेत असं सुचवलं, बाईंनी ते टाकले. जिन्याचा दिवा लवकर लावावा म्हटलं, तो लवकर लागू लागला. प्रत्येक वेळी नंदकिशोरबाबू अनिकेतला फोन करून त्याच्या वाट्याचं काम तेवढं कळवत, पत्राचं मात्र बोलत नसत. जिन्यात लोक आपल्याकडे मान झुकवून का पाहतात, हे अनिकेतला समजत नव्हतं. त्याला वाटलं, आपलं जर्मन सुधारलं असेल.

जानेवारीत सूचनाफलकावर एक निराळाच मजकूर आला. तिकडे गावाबाहेर बागांची एक वसाहत होती. लहान लहान तुकडे, प्रत्येकात एक खोपटं, आणि सभासदांनी तिथे भाज्या-फुलं लावायची. फ्राऊ केलर तिच्या समितीवर होत्या. एक म्हातारे सभासद वृद्धाश्रमात गेल्यानं दोनशे चौरस मीटरचा तुकडा रिकामा झाला होता, आणि इच्छुकांनी कारणासह अर्ज करायचा होता.

नंदकिशोरबाबूंनी मनात हिशेब केला. दोन गुंठे, फार तर चार हात कमी.

सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांचे सातबारे हाताळले होते. फेरफार, वाटण्या, बांधाचे तंटे, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या नावावर मात्र राहत्या घराखेरीज वीतभर माती नव्हती. सुहासिनीबाई बोरी अरबच्या, माहेरची कापूस-तुरीची शेती; भाऊ भेटायला आले की पाऊसपाण्याचं बोलत, आणि हे मधे बसून नुसती मान हलवत. त्या दिवशी जेवण होताच त्यांनी बैठक मारली आणि दोन तास अर्ज लिहिला. "विषय: बागेचा तुकडा मिळणेबाबत. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची माता शेतकरी कुटुंबातील असून, अर्जदारास लहानपणापासून मातीची ओढ आहे." अनिकेतला लहानपणी आजोळच्या वावरात गोचीड चावली होती आणि तेव्हापासून तो शेताच्या धुऱ्यावरसुद्धा बूट घालून जायचा, याचा अर्जात उल्लेख नव्हता.

मार्चमध्ये एका शनिवारी अनिकेतचाच फोन आला. आवाज थंड होता.

"बाबा, माह्या नावानं तुम्ही काय अर्ज केला?"

"बागेच्या तुकड्याचा. मंजूर झाला काय?"

मंजूर झाला होता. एकोणीस अर्जांतून. फ्राऊ केलर किल्ली घेऊन स्वतः वर आल्या होत्या, अनिकेतचा हात हातात घेऊन त्यांनी आईच्या मातीबद्दल किती सुंदर लिहिलंस म्हणून सांगितलं होतं, आणि दारात उभ्या उभ्या त्यांना रडू आलं होतं. मग अनिकेतनं ॲप उघडून तीन महिन्यांचा पत्रव्यवहार पहिल्यांदा वाचला होता.

"मी एकतीस वर्षांचा माणूस हावो," तो म्हणाला. "इथं लोक मले ओळखतात ते मी नाहीच. ते तुम्ही हायत."

अर्ध्या तासात त्यानं तिकडून पासवर्ड बदलले आणि बाबांच्या फोनवरची ॲपं एकेक करून बंद झाली. प्रत्येक ॲप नवा पासवर्ड मागू लागलं. संध्याकाळी साडेसात वाजले, टिंग झालं नाही.

पुढचे दिवस ते घरात असे वावरले, जसा बदलीचा आदेश आलेला माणूस जुन्या कचेरीत वावरतो. दुसऱ्या सोमवारी बोलता बोलता म्हणून गेले की आज काळा डबा असेल, पोट्ट्यानं ठेवला की नाही कोणास ठाऊक. सुहासिनीबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुम्ही त्याले रोज फोन केला," त्या म्हणाल्या. "डबा विचारला, ट्राम विचारली, टोपी विचारली. कसा हायेस म्हणून एकदा तरी विचारलं काय?"

त्यांनी आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अनिकेतला फोन करून फक्त तेवढंच विचारलं. अनिकेत म्हणाला, बरा हाये. मग म्हणाला, तसा बरा नाही बाबा, इथं कंटाळा येते. त्या दिवशी पाऊण तास बोलणं झालं, आणि त्यात कचऱ्याचं नाव निघालं नाही.

तिकडे इमारतीतही गडबड झाली होती. सूचनांना उत्तर जाईना, पिवळा डबा दोनदा आतच राहिला. तेव्हा फ्राऊ केलर हा पोरगा आजारी पडला असं समजून सूपचं भांडं घेऊन वर आल्या. अनिकेतला त्यांच्यासमोर खरं सांगणं भाग पडलं. तो जे काही सांगत होता ते ऐकता ऐकता बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, की ते गृहस्थ यापुढे काम पाहणार नाहीत का.

त्या रविवारी बागेतून व्हिडिओ कॉल आला. फ्राऊ केलर बोलणार म्हणून नंदकिशोरबाबूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भाषांतराचं ॲप दोघांच्या मधे. त्यांनी बाईंचे सहकार्याबद्दल आभार मानले. बाईंनी सांगितलेलं ॲपनं मराठीत वाचून दाखवलं: "तुमचा मुलगा चांगला आहे परंतु त्याची फाईल अपूर्ण असते." नंदकिशोरबाबू म्हणाले, मी हेच तीस वर्षं सांगून राह्यलो.

मग सुहासिनीबाईंनी फोन हातात घेतला. अनिकेतला माती मुठीत घ्यायला लावली, दाबायला लावली, मूठ उघडायला लावली. रेताड हाये, शेणखत लागेल, म्हणाल्या, आणि ते बूट काढ आधी. त्यानं काढले. वसाहतीच्या नियमानुसार तुकड्याचा तिसरा हिस्सा भाजीखाली हवा होता. मेथी, भेंडी ठरली. शिवाय तिथल्या भारतीय किराण्याच्या ॲपवर तेलुगू लोकांच्या एका आंबट पालेभाजीचं बियाणं मिळत होतं. चित्र पाहून सुहासिनीबाईंनी ओळखलं की ही तर आपली अंबाडी. नंदकिशोरबाबूंना अनिकेतनं या खेपेला त्यांच्या स्वतःच्या नावानं सहसभासद म्हणून खातं उघडून दिलं. करारनामा वाचून त्यांनी एकच शंका काढली, की म्हणजे आपण मालक नाही, कूळ आहोत. महागावात मात्र तोवर बातमी फिरली होती की बाबूंच्या पोरानं जर्मनीत वावर घेतलं. किती एकर, असं कोणी विचारलं की ते चौरस मीटरमध्ये सांगत.

मेथी गोगलगायींनी खाल्ली. भेंडी थंडीनं कुढत राहिली. अंबाडी मात्र जून लागताच अशी वर निघाली की कुंपणाच्या वर गेली. आणि जुलैत समितीची नोटीस आली.

शेजारच्या तुकड्यावरच्या एका गृहस्थांनी झाडं ओळखण्याच्या ॲपवर अंबाडीचा फोटो टाकला होता. पाच बोटांची कातरलेली पानं, सरळ दांडा. ॲपनं सांगितलं होतं: गांजा, शक्यता एकाहत्तर टक्के. वसाहतीत गांजा लावायला सक्त मनाई होती. खुलासा आठ दिवसांत मागवला होता.

अनिकेतला आपला व्हिसा जाताना दिसू लागला. नंदकिशोरबाबू मात्र दहा वर्षांनी तरुण झाले. खुलासा कसा लिहितात हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी मुद्देनिहाय दोन पानं लिहिली. अंबाडी ही पालेभाजी असून तिच्या सेवनानं कोणासही गुंगी आल्याची नोंद महागाव तालुक्यात नाही, असं तिसऱ्या मुद्द्यात होतं. सोबत सुहासिनीबाईंचा भाजी निवडतानाचा फोटो जोडला. शेवटी विनंती केली की समितीनं समक्ष पाहणी करून खात्री करावी.

समितीनं पाहणी ठेवली. पाच जण आले. अनिकेतनं खोपट्यातल्या छोट्या शेगडीवर आईला व्हिडिओवर समोर ठेवून अंबाडीची भाजी केली. पाला उकळून पाणी टाकलं, तूरडाळ आणि तांदळाच्या कण्या घोटल्या, वरून लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी. ठसक्यानं समितीचे अध्यक्ष बाहेर जाऊन आले. मग सगळ्यांनी चमच्यानं खाल्ली. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि कोणालाच गुंगी आली नाही, फ्राऊ केलर सोडून; त्या खाऊन झाल्यावर खुर्चीत पाऊण तास घोरल्या, पण ती त्यांची रोजची वेळ होती.

दोन दिवसांनी ठराव आला: अंबाडी ही भाजी समजण्यात यावी आणि तिसऱ्या हिश्शात धरण्यात यावी. नंदकिशोरबाबूंनी तो भाषांतर करून सुहासिनीबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, की पोरानं फोडणीत तेल हात आखडून तर टाकलं नाही न.